लाल रेघेची बाटली

माझ्या आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो गोराईला, साठी उलटल्यावर. आणि पाहिल्या पाहिल्या काय केलं, तर साडी गुडघ्यापर्यंत खोचली, वाकून चुळकाभर पाणी हातात घेतलं आणि जिभेला लावलं. मी ओरडलेच.

"आई! काय करून राहिली? घाण पाणी हाये ते!"

ती थुंकली, पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे निकाल दिला. "आपल्या गावच्याहून जराकच जास्त खारं हाये. हे पाहाले लोकं इतक्या दुरून येतात?"

माझा नवरा वाळूत बसून पोट धरधरून हसला. त्याला वाटलं सासूबाई गंमत करतायत. तो मुंबईत वाढलेला, त्याला काय ठाऊक. कुठल्याही नव्या गावी पाय ठेवला की आधी तिथलं पाणी चाखून बघायचं, ही आमच्याकडची सवय आहे. समुद्रालाही तिने त्यातून सूट दिली नाही, इतकंच.

आमचं गाव बाळापूरच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, कापूस आणि तूर बघत राहावी अशी. पण जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा नासतो. म्हणून घरात दोन मडकी असायची, एक खाऱ्याचं, एक गोड्याचं. नळाला गोडं पाणी आठ-आठ दहा-दहा दिवस यायचं नाही, मग ते पुरवून पुरवून वापरायचं. गोड्याचं मडकं पाहुण्यांसाठी, आम्हा पोरांसाठी आणि शेतातून आलेल्या माणसांसाठी. बाया खारं प्यायच्या. असा नियम कुणी केला नव्हता, कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं. आईला मी गोड्याच्या मडक्यात गिलास बुडवताना हजारदा पाहिलं, पण तो गिलास तिच्या तोंडाला लागलेला मला एकदाही आठवत नाही. आणि मी चांगली बी. ए. होईपर्यंत ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती.

ती स्वतः मोर्शीकडची. संत्र्याच्या बागा, भरलेल्या विहिरी. तिचं लग्न ठरवताना तिच्या बापाने जमीन किती ते विचारलं, जनावरं किती ते विचारलं, पाण्याचं विचारायचं राहून गेलं. ते तिने माझ्या वेळी भरून काढलं. दोन चांगली स्थळं केवळ पाण्यापायी परत पाठवली. बाबा डोक्याला हात लावून बसले होते. मग मुंबईचं हे स्थळ आलं. बैठकीत सगळे पोहे खात बसलेले, आणि आईने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या सासऱ्यांना विचारलं, "तुमच्याकडलं पाणी कसं हाये?" सासरे गोंधळले. म्हणाले, "धरणाचं आहे. रोज येतं नळाला." आईने बाबांकडे बघून मान हलवली. मुलगा काय करतो, ते त्यानंतर विचारलं.

तर मी गोड्या पाण्यात पडले ती अशी.

आई-बाबा मे महिन्यात यायचे, कधी दिवाळीनंतर. आले की रविवारी कुठेतरी किनाऱ्याला जायचं ठरलेलं. गोराई झालं, उत्तन झालं, अर्नाळा झालं, वसईचा किल्ला दोनदा झाला. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. आई पहाटे उठून भाकरी, ठेचा, कोरडं पिठलं बांधून घ्यायची. किनाऱ्यावर लोक भेळ खायचे आणि आम्ही सुरूच्या झाडाखाली फडकं पसरून कांदा फोडायचो. माझ्या लेकीला त्याची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू, मलाही थोडी वाटायची. आईचं आपलं वेगळंच चाललेलं असायचं. टपरीवरून, मंदिराच्या नळावरून, जिथून मिळेल तिथून घोटभर पाणी चाखायचं आणि शेरा मारायचा. उत्तनचं बरं. अर्नाळ्याचं मचूळ. वसईचं "हाये आपलं चहापुरतं."

मग तिच्या किडन्या बिघडल्या. गावात सगळे पाण्याला बोल लावतात, डॉक्टर म्हणाले बीपीकडे कित्येक वर्षं लक्ष दिलेलं नाही. काय असेल ते असो. बाबांना शेती सोडून येता येईना, म्हणून उपचारासाठी ती एकटी माझ्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं. चहा, वरण, सगळं धरून दिवसाला एक लिटर. त्यातून प्यायला उरायचं ते एका बाटलीत मावायचं.

आणि बाटलीवर पहारा करायला मी होतेच! माझा स्वभाव तापट, बाबांवर गेलेला. एखादं काम हातात घेतलं की समोरच्याचा जीव नकोसा करून टाकते. घरात एकसारख्या तीन बाटल्या होत्या. त्यातल्या आईच्या बाटलीला मी नेलपॉलिशने लाल रेघ ओढली. दुपारी चारपर्यंत पाणी त्या रेघेच्या खाली जाता कामा नये. गेलं की माझी तोफ सुटायची. आई बिचारी टोपणात ओतून ओतून प्यायची. एकदा म्हणाली, "जिंदगीभर गोडं पाणी भेटलं नाही. आता नळाले धो धो येते, तं तू कुलूप लावून बसली." आणि हसली. मीही हसले. काय हसण्यासारखं होतं त्यात, आता समजत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही केळव्याला निघालो. गाडी मी चालवत होते. गुडघे मोकळे राहावेत म्हणून आई माझ्या शेजारी, नवरा आणि लेक मागे. निघायला उशीर झाला म्हणून नवऱ्याशी माझं आधीच वाजलं होतं. खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे जी गाड्यांची रांग लागली, ती दीड तास हलेना. एसी नुसता आवाज करत होता. मी घामाने निथळत होते आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. नवऱ्यावर, पुढच्या टेम्पोवर, सरकारवर. मधेच न बघता हात लांब करून दोन सीटमधली बाटली उचलली आणि घटाघटा प्यायले. थोड्या वेळाने परत प्यायले. आई खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं.

केळव्याला जेवण झालं, लेक पाण्यात खेळून आली. ऊन कलल्यावर आम्ही सुरूच्या मागच्या वाडीतून चालत निघालो. दोन्ही बाजूंना पानवेली, सुपाऱ्या, आणि मधे एक दगडी विहीर. एक बाई पाणी शेंदत होती. आई थांबली. ती थांबणारच होती.

"बाई, पाणी खारं असन ना इथलं?"

"नाही हो मावशी. समुद्र इथून दोनशे पावलांवर, पण आमची विहीर गोडी. बघा तर पिऊन."

आईचा विश्वासच बसेना. "इतक्या जवळ? गोडं?" त्या बाईने कळशी वर घेतली, घरातून स्टीलचा गिलास आणला, विसळला, काठोकाठ भरून आईच्या हातात दिला. आई त्या पाण्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. आई लेकीला विचारत होती, लहान पोरीने विचारावं तसं.

"पेऊ का वं?"

मी पिशवीतून बाटली काढली. रेघ कुठल्या कुठे वर राहिली होती, तळाला दोन घोट.

"आई, हे काय हाये? अजून चार नाही वाजले अन् तू बाटली संपवली?"

"मी कुठं..." ती बोलली आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "हाव. संपली असन."

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. त्या परक्या बाईसमोर, माझ्या लेकीसमोर म्हटलं, "तुह्या जिभेपायी मी अजून किती चकरा मारू दवाखान्याच्या?"

आईने बोटाचं टोक गिलासात बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले. "गोड हाये वं. मोर्शीवानी." मग तो भरलेला गिलास नातीच्या हातात दिला. "पे बाई. असं पाणी भेटत नाही." लेक प्यायली. नवरा प्यायला. मला तहान लागली होती, मी दोन गिलास प्यायले. आई बाजूच्या दगडावर बसून त्या बाईला विचारत होती, विहीर किती खोल हाये, उन्हाळ्यात आटते काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी झाडायला गेले, तर मागच्या सीटखाली बाटली सापडली. काठोकाठ भरलेली. रेघ नसलेली. माझी. घरून निघताना लेकीने ती पायाशी ठेवली होती आणि ती घरंगळत आत गेली होती. मी बाटली हातात घेऊन गाडीतच बसले. पुलावरची ती दीड तासाची रांग आठवली, आणि माझा लांब केलेला हात.

वर आले. आई मेथी निवडत होती.

"काल मी तुह्या बाटलीतलं पेली. तू पाह्यलं होतं?"

"हाव."

"मंग बोलली काहून नाही?"

"गाडी चालवत होती तू. घामाघूम झाली होती. तहानेल्या माणसाच्या तोंडची बाटली ओढाव काय?"

"अन् विहिरीवर? तिथं तं सांगाचं!"

तिने मेथीची काडी मोडली. "त्या परक्या बाईसमोर तुले खोटी पाडू?"

इथे मी तिचे पाय धरायला हवे होते. निदान चुकलं माझं, एवढे दोन शब्द. पण माझं तोंड! मी म्हटलं, "तुह्या अशा गप बसण्यानंच सारं होते." आणि आंघोळीला निघून गेले. नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा म्हटलं, पुढच्या रविवारी परत जाऊ, त्या दिवशी सकाळपासून बाटलीला हात लावायचा नाही, सगळं माप विहिरीवर. आई म्हणाली, "जाऊ ना. घाई काय हाये."

पुढच्या रविवारी नवऱ्याकडे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी मला कंटाळा आला होता. हो, कंटाळा. दुसरं काही कारण नव्हतं. मग पाऊस लागला आणि आईला घराची ओढ लागली. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, म्हणून ती गेली. पुढे अकोल्याला डायलिसिस सुरू झालं, पाण्याचं माप निम्म्यावर आलं. फोनवर मी रोज विचारायची, आज किती पेली? ती सांगायची, "मापातच हाये, तू फिकर नको करू." विहिरीचा विषय तिने कधी काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही. थंडीत ती गेली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शेजारची चाची आली. तिचं घर आणि आमचं घर यांच्या मधे एकच भिंत, आणि दोघी चाळीस वर्षं एकाच रांगेत हंडे लावून उभ्या राहिलेल्या. बाबा ओसरीवर होते. माझी मावशी आणि गल्लीतल्या चार-पाच बाया बसलेल्या होत्या. चाचीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बेटा, तुही माय लय सुखी होऊन आली होती मुंबईहून. साऱ्या गल्लीले सांगे. समिंदराच्या काठाले गोडी विहीर हाये म्हणे. माह्या पोरीनं सोताच्या हातानं शेंदून पाजलं म्हणे. एक नाही, दोन गिलास पेली म्हणे. जीव भरला म्हणे." तिने डोळे पुसले. "हे डायलिसिसवर जाये ना, ओठ सुकून जात तिचे. तवाही हेच सांगे. मी म्हणो, जाय वं, समिंदराजवळ कुठं गोडं पाणी राह्यते? तं मलेच रागवे. खरं हाये काय बेटा?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. बाबाही बघत होते. माझ्या भावजयीने गोड्याच्या मडक्यातून भरलेला तांब्या माझ्यापुढे आणून ठेवला होता. मी माहेरी आलेली पाहुणी ना.

खरं सांगायचं म्हणजे, माझ्या तोंडाशी आलं होतं. पण इतक्या लोकांसमोर तिला खोटी कशी पाडू?

"हाव चाची," मी म्हटलं. "मीच पाजलं. दोन गिलास."