टोकदार कोपऱ्याचा आकडा

वर्कशॉपातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लेथखाली लोखंडाचा कीस साचतो तसे साचतात. आमच्या वर्ध्यातल्या देवळी रोडवरच्या वर्कशॉपातले माझ्याजवळचे बहुतेक किस्से एकाच शाफ्टचे आहेत.

*

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. मी नागपूरहून डिग्री घेऊन नुकताच आलेला डिझाईन इंजिनियर. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या शाफ्टचं ड्रॉइंग मीच काढलं होतं. जाड शाफ्ट जिथे बारीक होतो, तिथला आतला कोपरा आमच्या लेथवरच्या टर्नरने, गजभियेकाकांनी, गोल ठेवला. मी परत पाठवला. ड्रॉइंगवर काटकोन होता ना!

"तुटन, साहेब," ते म्हणाले.

"काका, इथे ड्रॉइंग चालतं, अंदाज नाही!"

सगळं शॉप हसलं. काकांनी टूल घासलं आणि कोपरा टोकदार करून दिला.

*

शाफ्ट समुद्रपूरला तुटला. बरोबर त्या कोपऱ्यातून. एका मजूर पोराचा हात गेला.

चौकशीत मालक म्हणाले, टर्नरचा निष्काळजीपणा. मी समोरच बसलो होतो. तोंड उघडायचं तर हातात आकडा हवा, असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं की काय, कोण जाणे. मी चहा संपवला.

*

आकड्यासाठी नागपूर गाठलं. तिथल्या कॉलेजात कॉम्प्युटर होता आणि फायनाईट एलिमेंट शिकवणारे माझे सर होते. शाफ्टचे कागदावर बारीक त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणातला ताण कॉम्प्युटरकडून काढायचा. सगळी माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर. सेलूजवळ एसटीने ब्रेक मारला आणि माझा खोका उलटला. कंडक्टरने कार्डं गोळा करू लागत विचारलं, "एवढे तिकिटं पंच करून ठेवले, पॅसेंजर कुठी हायेत?"

तेवढंच काय ते हसलो त्या महिन्यात.

*

कोपऱ्यातल्या ताणाचा पहिला आकडा आला. कोपऱ्याजवळचे त्रिकोण आणखी बारीक केले, आकडा वाढला. आणखी केले, आणखी वाढला. मी रडकुंडीला आलो. सर म्हणाले, "अरे, टोकदार कोपऱ्यात तो थांबतच नाही. गोलाई दे, मग थांबेल."

गोलाई दिली. थांबला.

मी धावत वर्ध्याला आलो आणि मालकांपुढे रिपोर्ट ठेवला. त्यांनी वाढत जाणारे आकडे पाहिले. "तुमच्या कॉम्प्युटरलाच नक्की माहीत नाही, आणि गजभियेला सोडा म्हणता?"

रिपोर्टात सगळं होतं. कोपरा टोकदार करायला कुणी लावला, तेवढं नव्हतं.

काकांना काढलं. नव्या ड्रॉइंगवर गोलाई आली. नव्या टर्नरने विचारलं, ही कुणी काढली? फोरमन म्हणाला, "कॉम्प्युटरनं."

*

शेवटी मी एक साधा कागद लिहिला. काकांनी कोपरा गोल केला होता, तो मी टोकदार करायला लावला. खाली सही. मालकांना द्यायच्या आधी तो घेऊन बोरगाव मेघेला काकांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला.

"मालकाले मंग द्या. पयले समुद्रपूरले त्या पोराच्या घरी नेऊन द्या. मी गेलो का तो मले इचारते, काका, कोपरा तसा काऊन ठेवला."

मी कागद खिशात ठेवला.

"मी अजून त्याले तुमचं नाव नाई सांगतलं," काका म्हणाले.