जहागीरदाराच्या फाटकाबाहेरच्या चपला

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर लिहायची माझी पहिलीच खेप. चुकलं तर हसू नका, पण आजचं सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

कुरुंद्याच्या वाटेवरची जहागीरदाराची बाग नीट करून आज सगळ्यांसाठी उघडली. कारंजं पुन्हा उडतंय, गुलाबाचे वाफे नवे केलेत. मी आणि माझी बायको सखूबाई सकाळीच गेलो.

पूर्वी त्या फाटकातून आमच्या लोकांनी पायात काही घालून जायचं नाही, असा दंडक होता. निजाम जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, आज कुणी हटकलंही नाही, तरी माझा हात आपोआप चपलांकडे गेला.

"काहून काढता वो? जहागीरदार गेला, त्याचा धाक न्हाई गेला व्हय?" असं म्हणून सखूबाई चपला वाजवत आत गेली.

कुणी बोललं तर काय, या भीतीनं मी अनवाणीच फिरलो. नवी खडी टोचत होती.

परत आलो तर फाटकाबाहेर चपलांचा ढीग! माझा जोड पाहून मागच्यांनीही काढल्या होत्या. एक लहान पोरगी विचारत होती, "आई, आत कोणता देव हाय?"

सगळ्यांदेखत मी चपला घातल्या आणि पुन्हा आत शिरलो. मागून त्या मायलेकीच्या चपलांचा आवाज आला, तेव्हा कुठं नीट चालू लागलो.

कारंज्यापाशी सखूबाईनं बाकावर सरकून जागा दिली. "आले का? बसा आता."

उद्या तुम्ही जाल, तेव्हा फाटकाशी वाकू नका. मागून कुणीतरी बघत येत असतं.