कॅमेरा सापडला नाही
कॅमेऱ्याचं रेक्झिनचं पाकीट उघडलं, की अजून बाबांच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतो. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची प्रणाली मीच टाकून दिली होती. एका दुपारी मी हिंजवडीला ऑफिसात असताना त्यांचा बिबवेवाडीहून फोन आला. "अरे, वायर लावली तरी कॅमेऱ्यातले फोटो येत नाहीयेत." "बाबा, नुसतं येत नाही म्हणू नका. स्क्रीनवर काय लिहून येतंय ते दाखवा," मी खेकसलो. "बरं, दाखवतो," म्हणाले, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. ते गेल्यावर महिन्याभराने मी स्वतः त्याच कॉम्प्युटरला वायर लावली. 'कॅमेरा सापडला नाही.' मग लक्षात आलं, कॅमेरा बंदच होता. कुठलंही यंत्र बंद करूनच जोडायचं, हे त्यांना मीच बजावलं होतं. बटण दाबताच फोटो आले. शेवटचा फोटो याच कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा होता. त्यावर तेच वाक्य, आणि काचेत चष्मा कपाळावर सरकवून, कॅमेरा समोर धरून उभे असलेले बाबा. घरात सगळ्यांचे फोटो तेच काढायचे. त्या कॅमेऱ्यात त्यांचा असा हा एकच आहे, तोही मी दाखवा म्हणालो म्हणून काढलेला.