अठ्ठावीस नंबर

संसर्गजन्य रोग शिकवायला शाळेने एक सॉफ्टवेअर घेतलं आणि नववीच्या वर्गात ते चालवायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर हिरवे ठिपके, म्हणजे माणसं. कोण कोणाच्या संपर्कात येतं ते भरलं की ठिपके रेषांनी जोडले जातात; मग एक ठिपका लाल करायचा आणि बटण दाबायचं. आजार कसा पसरतो ते डोळ्यांसमोर दिसतं. वस्तू चांगली होती. घाण केली ती मी.

खोट्या माणसांपेक्षा पोरांना आपलाच वर्ग बघायला मजा येईल, असं माझ्या डोक्यात आलं. म्हणून ठिपक्यांना हजेरीतले नंबर दिले. आणि संपर्क म्हणून काय भरलं, तर मधल्या सुट्टीत कोण कोणाच्या डब्यातलं खातं ते. एकेकाला उभं करून विचारलं. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होते मी.

"आता सांगा, आजार कोणापासून सुरू करायचा?"

"अठ्ठावीस!" मागच्या बाकावरून आवाज आला. "मॅडम, तिच्या डब्याचा कसला वास येतो! वोही फैलाएगी!"

अर्धा वर्ग फिदीफिदी हसला. अठ्ठावीस नंबर म्हणजे खाडीकाठच्या बाळकुमची, कोळ्यांच्या घरातली मुलगी. डब्यात कधी सुकट, कधी बोंबलाची चटणी. तिला साधं पडसंसुद्धा नव्हतं. मी तिथल्या तिथे झापायला हवं होतं. पण मागे मुख्याध्यापिका पाहुण्यांना घेऊन उभ्या होत्या आणि तास रंगात आला होता. "बरं, कोणीतरी एक घ्यायचंच आहे," असं म्हणून मी अठ्ठावीस लाल केला.

तिच्या डब्यातलं खाणाऱ्या दोघी आधी लाल झाल्या. मग बघता बघता सगळा पडदा. पोरं किंचाळत होती, पाहुणे टाळ्या वाजवत होते. ती मान खाली घालून वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत होती. ते मला दिसलं होतं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी डबे घेऊन दुसऱ्या बाकावर बसल्या. मी विचारलं तर एक म्हणाली, "मम्मी नको बोलली, मॅडम. तुम्हीच दाखवलंत ना?"

मी अर्धा तास व्याख्यान झोडलं. ते ठिपके खोटे होते, वासाने रोग होत नाही, वगैरे. मूल्यशिक्षणाचा तास ऐकावा तसं त्यांनी ऐकलं. ती मुलगी सुकट सोडून पोळी-भाजी आणायला लागली, तरी तिच्याजवळ कोणी बसेना. पोरांची किळस यायची मला, त्यांच्या त्या मम्म्यांची यायची, आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची.

धडा संपताना प्रात्यक्षिक होतं. त्याच पडद्यावर साथ थांबवून दाखवायची. मास्क, लस, हात धुणं, असं काहीतरी पोरं करतील अशी माझी अपेक्षा. तिने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदाच. कॉम्प्युटरपाशी आली, अठ्ठावीसला जोडलेल्या दोन रेषा एकेक करून पुसल्या आणि बटण दाबलं. मधोमध एकच लाल ठिपका. बाकी सगळा वर्ग हिरवागार.

"झालं, मॅडम. बरोबर आहे ना?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. उत्तर चुकलं असं म्हणायला मला जागाच नव्हती. मी तिला पूर्ण गुण दिले.