चढावरचं उतरणं

“काका, या शिशाच्या जड बॅटऱ्या काढून लिथियम बसवू. चढावर ताईंना उतरावं लागणार नाही,” मेकॅनिक म्हणाला.

बाबा हसले. “शाळेत असल्यापासून उतरतेय बिचारी.”

आमची विजेवरची स्कूटर टेकडीच्या चढावर दमायची. मग मी उतरायचे आणि बाबा ती हळूहळू चालवत माझ्या बरोबरीने यायचे. गणितात नापास झाल्याचं, वर्गात मराठीत बोलले म्हणून झालेल्या शिक्षेचं मी त्यांना तिथेच सांगितलं. समोरासमोर बसून मला काही सांगताच येत नाही. शेजारी चालताना येतं.

नवी बॅटरी हलकी होती. स्कूटर चढाला लागली, जराही दमली नाही. मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाबा, थांबा ना. मला उतरायचंय.”