अंबूआत्याचा धवला

अंबूआत्या साजगावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिच्या गळ्याशिवाय आमच्या आगरी लग्नात हळद लागत नसे. धवल्यात घरच्या एकेकाचं नाव गुंफायचं असतं. नाव सुटलं की तो माणूस वर्षभर रुसतो. आत्याला सात गावांतली घरं तोंडपाठ होती.

सदुसष्टच्या पावसाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय सावरले, जीभ नाही. पाणी मागायचं तरी तोंडून "तेच, तेच" एवढंच निघे. मी तिच्याच घरी राहून नुकता मास्तर झालो होतो, अंगात शहाणपण मावत नव्हतं. तिच्यादेखत बोलून गेलो, "शब्द गेले म्हणजे विचार गेला, आणि विचार गेला म्हणजे माणूसच गेलं." असलं काहीतरी कुठंतरी वाचलं होतं. मग घरात तिला कुणी काही विचारीनासं झालं.

उन्हाळ्यात तिच्या ठकीचं लग्न निघालं. धवल्यासाठी भिवपुरीकडून गौराबाईला आणली आणि आत्याला मांडवात एका कडेला बसवली. गौराबाईचा गळा गोड, पण घर परकं. तिच्याकडून नेमका ठकीचा मामा, म्हणजे माझा धाकलूकाका सुटला. काका ताडकन उठला.

"माझं नाव नाय तं मी चाललो!"

तेवढ्यात कडेनं सूर लागला. आत्या गात होती! अक्षर न् अक्षर स्वच्छ. धाकलूकाकाचं नाव आलं तसा तो मुकाट खाली बसला.

"आये, तू गातेस गं!" हळदीच्या अंगानं ठकी रडायला लागली.

आत्या थांबेना. जावा, नणंदा, जावई, सगळे आले. चैत्रात जन्मलेली, ठकीच्या भावाची, सदूची तान्ही सुंदरा, तीही आली. ते नाव तर आजारपणानंतरचं! म्हणजे इतके महिने बाई सगळं ऐकत होती, ध्यानात ठेवत होती. मेंदूत बोलण्याची वाट बंद पडली तरी गाण्याची उघडी राहू शकते, असं पुढे कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं. मला मात्र त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं वाटत होतं, आणि आनंदानं नाचावंसंही वाटत होतं.

शेवटी "पदू मास्तर" आलं. त्यासरशी आत्यानं हळदीच्या हातानं माझा कान धरला आणि चांगला पिळला. सूर काही सोडला नाही.