मामांचा ळ

माझे मामा खिळे ओतायचे. भिंतीत ठोकायचे नव्हेत हो, छापखान्यातले, शिशाची अक्षरं. शिसं आमच्याच डोंगरातलं. पण राज्य करणाऱ्यांनी फर्मान काढलं, इथे कुणी अक्षरं ओतायची नाहीत. शिसं बोटीने त्यांच्या देशात जाईल, खिळे होऊन परत येईल, ते विकत घ्या! मामांच्या भट्टीला सील लागलं, होते ते खिळे जप्त झाले. मामा मुकाट्याने वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागले.

बोटीतून आलेल्या पेट्या फोडल्या, तर त्यात ळच नाही. साहेबाची जीभ ळला वळत नाही, म्हणून त्याने तो ओतलाच नाही. तक्रार केली, तर उत्तर आलं, 'ल वापरा.' वापरा म्हणे! भाषा काय यांच्या बापाची आहे?

मग बाळाचा बाल झाला, टाळ्यांच्या टाल्या झाल्या. मामी पेपर वाचून पोट धरून हसायची. मामाही हसायचे.

एक दिवस शिशाची खाण पडली. अकरा माणसं गेली. मथळा आला, 'खाण कोसलली'. चौकात एकाने तो मोठ्याने वाचला आणि लोक फिसकन हसले. मामा तिथेच उभे होते. घरी आले ते लालबुंद होऊन.

"अकरा मढी पडलीत आणि माणसं हसतायत! माझ्या हातच्या ओळीला हसतायत!"

मामीने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि लोखंडी पळी त्यांच्या हातात दिली. साचा मामांनी लपवून ठेवला होताच. त्या पळीत छापखान्यातले झिजलेले खिळे वितळवून त्यांनी चाळीस ळ ओतले.

दुसऱ्या दिवशी पेपरात खाण नीट कोसळली. तिसऱ्या दिवशी शिपाई आले.

कोर्टात साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं, "काय ओतलंस?"

"ळ."

"ल?"

"ल नाही साहेब, ळ. जीभ जरा वर वळवा."

सहा महिन्यांची शिक्षा झाली, वर आगाऊपणाचा एक महिना.

शिक्षेची नोटीस आमच्या भाषेत छापून चौकात लावायची होती: 'बेकायदा खिळे ओतल्याबद्दल'. आता सरकारी छापखान्यात तरी ळ कुठला? मुद्देमालातले मामांचेच वापरले, निर्लज्जांनी! बेड्या घालून नेताना मामा नोटिशीपुढे थबकले.

"माझाच आहे," मामीला म्हणाले, "शेपटीला खोच राहिलीय बघ."

सुटल्यावर मामा आपले चाळीस ळ मागायला गेले. कारकुनाने मानही वर केली नाही. एक छापील चिठ्ठी पुढे सरकवली: 'माल परत मिळणार नाही.'

त्या ळच्या शेपटीलाही खोच होती.